न ठोकणाऱ्यांचे श्वास

७ ऑक्टोबर

आज सासूने दोन माणसं वाचवली.

सासू म्हणजे आमचं यंत्र. माझ्या खऱ्या सासूबाई त्या वेळी घरी खिडकीपाशी बसून शिपायांसाठी हातमोजे विणत होत्या आणि त्यांना कानाशी ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही. यंत्राचं बारसं फिटरने केलं. भिंतीपलीकडे कुजबुजलेलंसुद्धा ऐकते, मग ती सासूच की, असं तो म्हणाला आणि तेच नाव चिकटलं. कागदोपत्री तिला एक लांबलचक नाव आहे, ते मलाही पाठ नाही.

मी पाणीपुरवठा खात्यातली. नोकरीला लागल्यापासून लोखंडी कांबेचं एक टोक रस्त्याला आणि एक कानाला लावून जमिनीखाली पाणी कुठे सुटलंय ते ऐकत आले. लढाई सुरू झाली, नदीपलीकडून गोळे पडू लागले, इमारती पत्त्यांसारख्या खाली बसू लागल्या. तेव्हा डोक्यात आलं की पाणी ऐकू येतं तर माणूस का येऊ नये? आठ खुंट्या, एक पेटी आणि एक पडदा, एवढ्यातून मी आणि फिटरने ती उभी केली. खुंट्या ढिगाऱ्यात रोवायच्या. मग कर्ण्यावरून ओरडायचं, "ऐकू येत असेल तर ठोका!" आणि सगळ्यांनी गप्प राहायचं. इंजिनं बंद, फावडी खाली, खोकला आला तरी रुमाल तोंडात. खाली कोणी ठोकलं की पेटी शिट्टी वाजवते आणि पडद्यावर हिरवा ठिपका उमटतो.

आज छापखान्याच्या ढिगाऱ्यात ठिपका उमटला. आधी एक नर्स निघाली आणि तिच्या शेजारून पहारेकरी. तो बेशुद्ध होता. ती ठोकत होती म्हणून तो सापडला. फिटर रडला आणि धुळीमुळे डोळे चुरचुरतात म्हणाला. घरी येऊन मी सासूबाईंना ओरडून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "चला, घरात एकीला तरी ऐकू येतंय." खालच्या मजल्यावरच्या शिंपीकाकांनी नेहमीप्रमाणे काठीने छत ठोकून आमचा आवाज कमी करायला लावला.

१६ ऑक्टोबर

तीन दिवस लिहावंसं वाटलं नाही. गोदामाच्या गल्लीत सासूने कोणी नाही असं सांगितलं. आम्ही खुंट्या उपटून पुढच्या ढिगाऱ्यावर गेलो. तीन दिवसांपूर्वी ढिगारा उपसायचं मोठं यंत्र आलं तेव्हा तिथे एक बाई आणि तिचा मुलगा मेलेले सापडले. डॉक्टर म्हणाले, मुलगा निदान एक दिवस तरी जिवंत असावा. हात दबले होते त्याचे. ठोकणार कशाने?

आम्हा गळतीवाल्यांची ही खोड आहे. आम्ही एका आवाजाच्या मागे लागतो आणि बाकी सगळ्याला गोंगाट म्हणून गाळून टाकतो. मी सासूला ठोकणं ऐकायला शिकवलं आणि श्वास गाळायला शिकवलं. मीच शिकवलं. जे ठोकत नाहीत, त्यांचं काय, हा प्रश्न मला आधी पडायला हवा होता.

आता दुसरं काही करायचं नाही. श्वास ऐकायचा.

२ नोव्हेंबर

आज सैन्याकडून एक कर्नल आले. मला वाटलं होतं, बूट आपटत येतील आणि हुकूम सोडतील. हे तर शाळेतल्या गणिताच्या मास्तरांसारखे निघाले. चहा घेतला, कप स्वतः विसळून ठेवला आणि फिटरला अहो-जाहो केलं. श्वासाचं काम कुठवर आलं ते विचारलं. मी रखडत चाललंय असं खरं ते सांगितलं. हवे ते सुटे भाग, दोन प्रोग्रॅमर आणि वीज न जाणारी खोली देतो म्हणाले. खात्यात एक कॉम्प्युटर मागायला तीन साहेबांच्या सह्या लागतात, त्यामुळे मी नुसती बघत राहिले.

प्रश्न मात्र नेमके विचारले. कर्ण्यावरून न ओरडता चालेल का? घाबरलेली माणसं हाकेला ओ देत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. किती खरं आहे! खाली किती जण आहेत ते मोजता येईल का? मोठ्यांचा श्वास आणि लहान मुलाचा श्वास वेगळा ओळखता येईल का? मी म्हटलं, येईल, मुलांचा श्वास जलद असतो. हा विचार मला सुचला नव्हता. मुलांना आधी बाहेर काढायला किती उपयोग होईल. पेटीची शिट्टी मात्र काढून टाका म्हणाले. फिटरने विचारलं, का हो? शिट्टी वाजली की आमच्या माणसांना हुरूप येतो. कर्नल हसले आणि म्हणाले, रणांगणावर हुरूप शांतपणेच आलेला बरा.

ते गेल्यावर फिटर म्हणाला, माणूस भलताच सभ्य आहे. त्याच्या बोलण्याचा सूर मला आवडला नाही. चांगल्याला चांगलं म्हणायला याच्या जिवावर येतं.

१९ नोव्हेंबर

जमलं!

फिटरला वाळूच्या पोत्यांखाली झोपवलं, वर विटा रचल्या आणि त्याला हू की चू करायचं नाही असं बजावलं. सासूने आधी ठिपका दाखवला आणि मग त्याच्या शेजारी छोटासा आकडा, एक. प्रोग्रॅमर टाळ्या पिटत होते. फिटर खाली आहे हे पाच मिनिटं कोणाच्या लक्षातच राहिलं नाही. बाहेर आल्यावर त्याने आमचा जो उद्धार केला तो इथे लिहीत नाही.

पेटी घरी आणून स्वयंपाकघराच्या भिंतीला लावली. पलीकडे सासूबाई खुर्चीत डुलक्या घेत होत्या. ठिपका उमटला. संथ, थोडा घरघरता, मध्येच एक क्षण थांबणारा श्वास. हे गेल्यापासून आम्ही दोघीच या घरात आहोत. त्यांचा श्वास असा कधी ऐकला नव्हता. 

कर्नल दहा पेट्या बनवून घेणार आहेत, त्यासाठी आम्हाला एक कारखाना दिलाय. आमचं सैन्य नदीपलीकडे उतरलंय, तिथलं अर्धं शहर पडलंय म्हणतात. फिटर ऑपरेटरांना शिकवायला सोबत जाणार.

२३ नोव्हेंबर

धाकटीचा फोन लागला. माझी सख्खी बहीण लग्न होऊन नदीपलीकडे गेली तेव्हा पुलावरून वीस मिनिटांचा रस्ता होता. आता ती शत्रूच्या देशात राहते. ती, तिचा नवरा आणि माझ्या दोन्ही भाच्या इमारतीच्या तळघरात जाऊन राहिली आहेत. आणखी चार कुटुंबं आहेत. गाडीच्या बॅटरीवर फोन तेवढा चालवतात. मोठीला ताप आहे.

मी तिला म्हटलं, वर जाऊ नका, दिवा लावू नका, अगदी गप्प बसून राहा. इमारत पडली तरी घाबरू नकोस. आता आमच्याकडे असं यंत्र आहे की तुम्ही नुसता श्वास घेतलात तरी ऐकू येईल. ती हसली. म्हणाली, "ताई, तुला लहानपणापासूनच दुसऱ्याच्या खोलीत काय चाललंय ते ऐकायची सवय."

किती हलकं वाटलं. मी इथे बसून तिच्यासाठी याहून जास्त काय करू शकले असते?

११ डिसेंबर

पलीकडून रेकॉर्डिंग येतात. ती ऐकायची, उंदीर आणि तडकणारं लाकूड वेगळं काढायचं आणि सुधारलेला प्रोग्रॅम परत पाठवायचा, असं काम. आता तिकडे तीस पेट्या आहेत. एका दमात सगळ्यांवर नवा प्रोग्रॅम चढतो.

काही गोष्टी खटकतात. इथल्या ढिगाऱ्यात माणसं कण्हतात, पाणी मागतात, आईला हाक मारतात. तिथली कण्हत नाहीत. सगळे कसे शिस्तीत श्वास घेतात, कधी कधी तर रोखूनही धरतात. एका रेकॉर्डिंगमध्ये बाईचा हळू आवाज आहे, "शू, शू." जखमी लेकराला थोपटत असेल बिचारी.

दुसरं असं की, सगळी रेकॉर्डिंग मध्येच तुटतात. ठिपका पक्का झाला की बंद. पुढे खणण्याचा आवाज नाही, फावडं नाही, "हळू, हळू" नाही. मला शेवट हवा आहे. माणूस वर येताना श्वास कसा बदलतो ते कळलं तर पुढच्या वेळी उपयोग होईल. कर्नलना तसं कळवलं. बघतो म्हणाले. खोट्या ठिपक्यांबद्दल मात्र कुरकुर करत होते. पोरं तासभर दबा धरून बसतात आणि आत निघतात मांजरं, असं त्यांच्या तोंडून गेलं.

दबा धरून. सैनिकांची भाषाच निराळी.

२१ डिसेंबर

फिटर परत आलाय. कळवलं नव्हतं. कारखान्याच्या दारात पिशवी घेऊन उभा होता. मी म्हटलं, या, तुमच्यावाचून अडलंय. तो आत आला, पेटीकडे पाठ करून बसला आणि राजीनामा देतोय म्हणाला.

मी रेकॉर्डिंगची तक्रार सांगितली. शेवट का कापतात आणि खणण्याचा आवाज का नाही, असं विचारलं. तो बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला. मी सगळं जाणून विचारते आहे की खरोखरच अडाणी आहे, ते ठरवत असावा.

"खणत नाहीत, बाई," तो म्हणाला. "वरून भोक पाडतात आणि आत टाकतात."

काय टाकतात, ते मी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. जाताना दारात थांबून म्हणाला, "इमारती पडलेल्या नसतात. माणसं लपलेली असतात नुसती."

२२ डिसेंबर

फिटरला पहिल्यापासून कर्नल आवडत नव्हते. थकलाय. थकलेला माणूस वाटेल ते बोलतो.

२४ डिसेंबर

सगळी रेकॉर्डिंग पुन्हा ऐकली. आता दुसरं काही ऐकूच येत नाही. वर बूट आले की तळघरातले सगळे श्वास एकदम थांबतात. मग एक छोटा श्वास सुटतो, कारण मुलांना फार वेळ धरता येत नाही. मग "शू". आणि मग ठिपका पक्का होतो. त्या सुटलेल्या छोट्या श्वासावरच पक्का होतो. मीच तो अचूक पकडला आणि त्याबद्दल शाबासकी घेतली.

पाण्याला लपायचं नसतं. म्हणून खाली असलेल्या कोणाला सापडायचं नसेल, असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

कर्नलना फोन करून सरळ विचारलं. त्यांनी नाकारलं नाही. नाकारलं असतं तर बरं झालं असतं. म्हणाले, "तळघरातून पाठीवर गोळ्या बसून माझी किती पोरं गेली, सांगू?" मी म्हटलं, आत मुलं असतात. ते म्हणाले, मुलांचा आकडा वेगळा दिसतो तो तुमच्याचमुळे. तो असेल तिथे आम्ही थांबतो. मग पुढे म्हणाले, "शक्य असेल तेव्हा."

इतक्या शांतपणे बोलतात. कप विसळून ठेवणारा माणूस.

२८ डिसेंबर

पेटी फोडावी असं वाटतं, पण एक फोडून काय होणार, तीस पेट्या तिकडे आहेत. काम सोडलं तर ते दोन प्रोग्रॅमर आहेत, हुशार आहेत, आठवड्याभरात माझ्या खुर्चीत बसतील.

म्हणून आज वेगळं केलं. कर्नलना खोटे ठिपके नको होते ना? नव्या प्रोग्रॅममध्ये मी असं घातलं की सोबत ठोकण्याचा आवाज नसेल तर श्वासाला गोंगाट समजून गाळायचं. वरून पाहणाऱ्याला ही सुधारणाच वाटेल. उंदीर गेले, मांजरं गेली आणि त्यांच्यासोबत लपलेलेही गेले. लपलेला माणूस ठोकत नाही. अडकलेला ठोकतो. दोघांत फरक करायची एवढीच एक खूण माझ्याजवळ आहे.

इथल्या, शहरातल्या पेटीवरही तोच प्रोग्रॅम चढवला. ती वेगळी ठेवली असती तर दोन्हींची तुलना झाली असती आणि मी पकडले गेले असते. जगायची इच्छा असलेला माणूस कसंही करून ठोकतोच, असं मी स्वतःला सांगते आहे. गोदामाच्या गल्लीतला मुलगा आठवला की मी उठून काहीतरी आवरायला लागते.

धाकटीला फोन करून सांगितलं, आता काळजी करू नकोस. गप्प राहा म्हणजे झालं. ती म्हणाली, आम्ही आता मांजरीपेक्षा गप्प झालोय, धाकटी पोर तर हातवारे करूनच भांडते.

९ जानेवारी

कर्नल खूष आहेत. खोटे ठिपके संपले. शहराचा तो भाग रिकामा झालाय असं त्यांच्या नकाशावर दिसतंय.

शिंपीकाकांचा मुलगा सैन्यात, तिकडेच होता. सासूने रिकामी म्हणून सांगितलेल्या गल्लीतून तो आणि त्याचे सोबती चालले होते आणि एका तळघरातून गोळ्या आल्या. काल निरोप आला. काका कपडे शिवत बसले होते, निरोप ऐकून त्यांनी हातातली शिवण पुरी केली, दोरा तोडला आणि मग जमिनीवर बसले. मी त्यांच्याकडे गेले. त्यांच्या बायकोने माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "तुम्ही तरी किती जणांना वाचवता हो." मला तिथून पळून जावंसं वाटलं. पण बसून राहिले.

कर्नल खोटं बोलत नव्हते, हे आता कळलं. बंदुका असतात. मुलंही असतात. एकाच तळघरात असतात.

या आठवड्यात शहरातही माणसं कमी सापडली. थंडी फार आहे, ढिगाऱ्याखाली कोणी टिकत नसावं.

१७ जानेवारी

कालचं लिहिते. 

दुपारी कारखान्यात होते. आमच्या गल्लीत गोळे पडल्याचा निरोप आला. धावत गेले. आमची इमारत निम्मी उरली होती, आणि उरलेल्या निम्म्यात आमचं घर नव्हतं. पथक आधीच पोचलं होतं. खुंट्या रोवल्या होत्या. सैन्यातला एक ऑपरेटर पेटीपाशी होता, त्याला मीच शिकवलं होतं. कर्ण्यावरून आवाज गेला, "ऐकू येत असेल तर ठोका!" आणि सगळे गप्प झाले. ठोकण्याचा आवाज आला. शिंपीकाका होते. ते आणि त्यांची बायको, दोघंही निघाली, पांढरीफटक पण जिवंत. पुन्हा हाक दिली. पुन्हा गप्प. पडदा कोरा.

तिसऱ्या हाकेनंतर ऑपरेटर खुंट्या उपटू लागला. मी म्हटलं, माझ्या सासूबाई आत आहेत. तो म्हणाला, "बाई, कोणी असतं तर ठोकलं असतं."

ठोकायचं कसं? त्यांना हाक ऐकूच जात नाही. वर माणसं आहेत, शोधताहेत, ठोका म्हणून ओरडताहेत, हे त्यांना कळणार कसं? काळोखात पडल्या असतील आणि सून कुठे मेली म्हणून मलाच शिव्या देत असतील. मी त्यांच्याबरोबर रोज एका घरात राहते. ठोकणारा तो अडकलेला, अशी खूण मी केली, तेव्हा घरात कोण आहे ते माझ्या लक्षात आलं नाही.

मी सांगितलं, खिडकीच्या बाजूला खणा, त्या तिथेच बसतात. पथकप्रमुख म्हणाले, खिडकीची बाजू आता कुठली आहे? पाच मजले एकमेकांत घुसले आहेत. पुढे दोन इमारती वाट पाहताहेत, मोठं यंत्र आत घालायला हवं. मी त्यांच्या पाया पडले. त्यांनी मला खांद्याला धरून उठवलं. वाईट माणूस नव्हता. यंत्राने नाही म्हटलं होतं आणि ते यंत्र माझं होतं.

मोठ्या यंत्राचं इंजिन सुरू झालं. मला धाकटी आठवली. खोटं लिहायचं नाही म्हणून लिहिते, आठवली. पेटीपाशी जायला चार पावलं होती आणि त्या चार पावलांत धाकटी, तिचा नवरा, तापातली मोठी आणि हातवाऱ्यांनी भांडणारी धाकटी पोर, सगळे समोर उभे राहिले. आणि तरी गेले. इंजिन बंद करा म्हणून ओरडले, ऑपरेटरला बाजूला सारलं आणि मी घातलेली ती अट काढून टाकली. मिनिटसुद्धा लागलं नाही. तो माझ्या खांद्यावरून पाहत होता.

ठिपका उमटला. संथ, थोडा घरघरता, मध्येच एक क्षण थांबणारा श्वास.

अंधार पडायच्या आत त्यांना बाहेर काढलं. पाय मोडलाय, दोन बरगड्या गेल्या आहेत. स्ट्रेचरवरून मला पाहून म्हणाल्या, "कुणी आलंच नाही गं इतका वेळ." पथकातली माणसं टाळ्या वाजवत होती. ऑपरेटर सगळ्यांना सांगत सुटला होता, बाईंनी जागच्या जागी यंत्र सुधारलं, माझ्या डोळ्यांसमोर सुधारलं. त्याने वायरलेसवरून वर कळवलंसुद्धा. माझ्याकडे असा पाहत होता जसं मी काही मोठं पुण्य केलंय.

१८ जानेवारी

सकाळी कर्नलांचा फोन आला. आधी सासूबाईंची चौकशी केली. मग म्हणाले, ती सुधारणा त्या पेटीतून उतरवून घेतली आहे, आज संध्याकाळी सगळ्या पेट्यांवर चढवतो. मी म्हटलं, अजून तपासायची आहे, उंदीर परत येतील. ते म्हणाले, "येऊ देत. ज्यामुळे तुमच्या सासूबाई सापडल्या, ते माझ्या पोरांना मिळायला नको?" कोणालाही संशय आला नाही. मला बक्षीस देणार आहेत म्हणे. पकडलं असतं तर निदान तोंडावर बोलता आलं असतं.

हॉस्पिटलच्या जिन्यात उभी राहून धाकटीला फोन लावला. अकरा वेळा लागला नाही, मग लागला. असं बोलणं फोनवर बोलू नये हे मला ठाऊक आहे. बोलले. सासूला एकच गोष्ट फसवते, ती म्हणजे वाहतं पाणी. पाण्याची धार श्वासावर अशी बसते की खालचं काही ऐकू येत नाही. मी आयुष्यभर तीच धार ऐकत आले, मला ठाऊक नसेल तर कोणाला? मी तिला म्हटलं, नळ सोडून ठेव, धार मोठी कर, बादलीत पडू दे, खूप आवाज झाला पाहिजे.

"नळाला पाणी कुठलं, ताई?" ती म्हणाली. "महिना झाला."

मी विचारलं, पंखा, मोटर, स्टोव्ह, घरघर करणारं काहीही? काही नाही. मग सगळ्यांनी मोठ्याने बोलत राहा. ती म्हणाली, बोललो तर वरून जाणाऱ्यांना साध्या कानांनी ऐकू येईल, त्याला यंत्र कशाला हवं. बाहेर पडता येईल का, मी विचारलं. गल्लीच्या तोंडाशी बंदूकवाले बसलेत, परवा शेजारचे आजोबा पाणी आणायला गेले ते तिथेच आहेत.

 तिचा श्वास मला ऐकू येत होता.

तिने विचारलं, "पण तू तर म्हणाली होतीस, आता भीती नाही. मग काय झालं?"

मी सांगितलं. इमारत पडली, सासूबाई खाली होत्या, त्यांना हाक ऐकू जात नव्हती. पुढचं सांगावं लागलं नाही. धाकटी लहानपणापासून हुशार, गणितात माझ्या पुढे होती. आता ती ओरडेल, शिव्या देईल, फोन आपटेल असं वाटलं. मला तेच हवं होतं.

"वाचल्या ना त्या?" तिने विचारलं.

मी हो म्हटलं.

"बरं झालं," ती म्हणाली. "खरंच बरं झालं गं, ताई."

२१ जानेवारी

तीन दिवस फोन लागत नाही. लाइन पूर्वीही अशी बंद पडायची. नोव्हेंबरात तर आठवडाभर लागला नव्हता. बॅटरी उतरली असेल.

आज सासूबाईंना टेकून बसवलं. दूध प्यायल्या आणि हॉस्पिटलच्या चादरींना नावं ठेवली. शेजारच्या खाटेवरच्या बाईला माझ्याकडे बोट दाखवून सांगत होत्या, हिनं मला शोधून काढलं, पोटच्या पोरीनं केलं नसतं. वॉर्डभर ऐकू गेलं.

दुपारी एक शिपाई येऊन नवीन रेकॉर्डिंग देऊन गेला. सुधारणेनंतरची पहिली खेप आहे. सोबत कर्नलांची चिठ्ठी आहे की निकाल फार चांगला आलाय, आणि या वेळी तुम्ही मागितल्याप्रमाणे शेवट कापलेले नाहीत. कॉम्प्युटर मांडीवर आहे. हेडफोन अजून लावलेले नाहीत.

सासूबाईंनी विचारलं, "आज कामाला बसणार नाहीस का?" त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने मला ते सांगता येईना, म्हणून मी नुसती मान हलवली.